कॅप्टन शेवटी मरते

आमच्या कीम्बा गावात बातमी सांगायची एक रीत आहे. आधी कोण गेलं ते सांगायचं, मग बाकीचं. बाहेरच्यांना हे रानटी वाटतं, पण त्यामागे मोठी सभ्यता आहे. इथली शेतं एवढी लांबरुंद की शेजारी शेजाऱ्याला महिना महिना दिसत नाही. अशात कोणी पेट्रोल भरताना भेटला, तुम्ही हसत हसत "भाऊ कसा आहे रे?" असं विचारलंत, आणि भाऊ मागच्याच आठवड्यात पुरलेला निघाला, तर पंचाईत दोघांचीही. म्हणून सांगणाराच तो काटा आधी काढून टाकतो. "वॉल्टर गेला. तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?" ऐकणारा टोपी काढतो, परत घालतो, आणि पावसाचं सांगायला लागतो. कोणाची जीभ घसरत नाही.

लिंडसे नोस्के याच रीतीत वाढला, आणि याच रीतीपायी साठी उलटल्यावर त्याने अर्ध्या जगाच्या शिव्या खाल्ल्या.

लिंडसे तसा शिव्या खाण्यातला माणूस नव्हे. त्याच्या आजाने माली नावाची चिवट रानझाडं उपटून जमीन केली, बापाने ती सांभाळली, आणि लिंडसेने दोन दुष्काळांनंतर ती शेजारच्या क्रेगला विकून त्याच्याचकडे नोकरी धरली. यात आपलं काही नुकसान झालं असं तो मानत नाही. "आधी मी काळजी करायचो आणि ट्रॅक्टर चालवायचो. आता नुसता ट्रॅक्टर चालवतो," असं म्हणतो. त्याची बायको रोंडा पोर्ट लिंकनला एका ट्यूनावाल्याकडे गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, की तिला मासे पहिल्यापासून आवडायचे. घरात आता तो आणि स्टम्पी. स्टम्पी म्हणजे कुत्रा. शेपूट जन्मापासून आखूड, रुबाब मात्र पूर्ण.

मुलगी टीगन. ती वर रॉक्सबीच्या खाणीत अवजड गाड्या चालवते. दोन आठवडे काम, एक आठवडा सुट्टी. सुट्टीत ती अॅडलेडला मित्रांकडे जाते आणि सगळे मिळून पडद्यावरचे खेळ खेळतात. बाप-लेकीचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान बोलायला विषय राहिला असता. दर रविवारी ती फोन करायची.

"पाऊस?"

"नाही."

"स्टम्पी?"

"आहे इथंच."

"जेवलास?"

"फ्रिट्झ सॉसेज आणि पाव."

"बरं, ठेवते."

गेल्या रविवारी मात्र त्यात एक वाक्य जास्त होतं. "बाबा, पलीकडे पर्थच्या वरच्या अंगाला एका खाणीत जागा निघालीय. महिनाअखेर कळवायचंय." लिंडसे म्हणाला, "बरं." फोन ठेवला, मग स्टम्पीकडे बघून म्हणाला, "बरं? यात बरं काय आहे, गाढवा?" स्टम्पीने ते स्वतःकडे घेतलं नाही.

रॉक्सबी म्हणजे गाडीने सकाळी निघालं तर जेवायला पोचावं असं अंतर. पर्थच्या वरचं अंग म्हणजे परदेशच. तिथं गेल्यावर रविवारचे ते चार शब्दही आटणार, हे लिंडसेला न सांगता कळलं. तिला "जाऊ नकोस" म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही आणि "ये" म्हणायची आपल्याला सवय नाही, हेही कळलं. मग उरलं काय? तर विषय. एखादा विषय सापडायला हवा होता, ज्यावर ती दोन मिनिटं तरी बोलेल.

तो तिच्या खोलीच्या खिडकीत सापडला. गेल्या ख्रिसमसला आली तेव्हा विसरून गेलेलं पुस्तक. 'पेट्रेल सेव्हन: शेवटचा पहारा'. मुखपृष्ठावर एक अंतराळयान, एक चिलखत घातलेली बाई, आणि वर ठसठशीत लिहिलेलं, की हे त्याच नावाच्या गाजलेल्या खेळावरून बेतलेलं आहे. आत दोन-तृतीयांशावर खूण म्हणून चिप्सच्या पाकिटाची पट्टी घातलेली. कंटाळली असेल, असं लिंडसेला वाटलं.

इथं त्याला एक गोष्ट आठवायला हवी होती. लहानपणापासून टीगनने क्वांडाँग या रानफळाचं सारण भरून भाजलेल्या पायचा शेवटचा घास कधी लगेच खाल्ला नव्हता. बशीत राखून ठेवायची, दुसऱ्या दिवशीपर्यंत. मुंग्या लागल्या तरी बेहत्तर. पण ती आठवण त्याला झाली नाही, आणि म्हणून तर ही गोष्ट घडली.

पेरणीचे दिवस होते. क्रेगचा नवा ट्रॅक्टर उपग्रहावर चालतो. मागे आगगाडीएवढं पेरणीयंत्र, पुढे क्षितिजापर्यंत पेरणीचं सरळ तास. धुऱ्यापाशी पोचलं की यंत्र पीप पीप करतं, मग लिंडसेने वळवायचं. मधल्या वेळात त्याने फक्त तिथं असायचं. बाकीचे ट्रॅक्टरवाले क्रिकेट ऐकतात, बायकोशी भांडतात, एकजण तर लोकरीचे मोजे विणतो. लिंडसेने पुस्तक उघडलं. स्टम्पी शेजारच्या आसनावर बसून बाहेरच्या गुलाबी पोपटांवर लक्ष ठेवू लागला.

पुस्तकातली कॅप्टन व्हार्न ज्या यानावर होती, ते यान आपलं आपण चालायचं. वर्षानुवर्षं. खलाशी झोपा काढायचे, पत्ते कुटायचे. कॅप्टन मात्र रोज सुकाणूवर हात ठेवून बसायची. सुकाणू फिरवायचं नाही, नुसता हात ठेवायचा. लोक तिला हसायचे.

लिंडसेने वाचता वाचता मान खाली घातली. त्याचा डावा हात ट्रॅक्टरच्या चाकावर होता. त्या हाताला तिथं काहीही काम नव्हतं.

"बघ रे," तो स्टम्पीला म्हणाला, "ही बाई आपल्यातली निघाली."

चार दिवसांत पुस्तक संपलं. आता विषय होता, पण टीगनशी बोलायचं कसं? "मी तुझं पुस्तक वाचलं" म्हटल्यावर ती विचारणार, "कसं वाटलं?" आणि लिंडसे म्हणणार, "वाईट नाही." कीम्बात याहून मोठी स्तुती नाही, पण त्यावर संभाषणही वाढत नाही. लोक अशा पुस्तकाबद्दल काय बोलतात ते आधी बघावं म्हणून तो शाळेच्या वाचनालयात गेला. पेरणीयंत्राची नळी तुंबली होती आणि क्रेग ती साफ करत शिव्या देत होता, म्हणून दुपार मोकळी होती.

आमच्याकडे शाळेचं वाचनालय तेच गावाचं वाचनालय. ते मार्लीन झाकर चालवते. लिंडसेच्या वर्गातली. तिने त्याला संगणकापाशी बसवून वाचकांची मतं काढून दिली.

"एवढी?" लिंडसे म्हणाला.

"अरे, हे थोडं आहे. खाली खाली जात राहा. आणि त्या काचेला बोट लावू नकोस, ग्रीस आहे हाताला."

लिंडसे वाचत गेला. एकाचं म्हणणं, कॅप्टनचं चिलखत खेळात निळं आहे, पुस्तकात करडं, सबब एक तारा. दुसरा म्हणे निळं पहिल्या भागात होतं, ज्याला एवढं माहीत नाही त्याने तोंड उघडू नये. तिसऱ्याने बंदुकीत गोळ्या भरायची पद्धत चुकली म्हणून लेखकाने माफी मागावी असं लिहिलं होतं. चौथीला सगळंच आवडलं होतं, पाच तारे, पण तिने पुस्तक अजून वाचायला घेतलं नव्हतं. पाचव्याने लेखक विकला गेलाय असं म्हटलं होतं, कोणाला ते सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यांची नावं कशी, तर शून्यसम्राट, रक्तमांजर, कर्नल लोणचं.

"यांना आईबापांनी नावं ठेवली नाहीत?" लिंडसेने विचारलं.

"तिथं खरं नाव लिहीत नाहीत रे."

"का? काही केलंय यांनी?"

सुकाणूवरच्या त्या हाताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. लिंडसेला ते बरोबर वाटेना. एखादी बाई वर्षानुवर्षं तिथं हात ठेवून बसते आणि हे लोक तिच्या कपड्यांच्या रंगावरून भांडतात. तो बाह्या सरसावून बसला आणि एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं:

"वाईट नाही. कॅप्टन शेवटी मरते, ते आधीच सांगून टाकतो. मी पेरणीच्या ट्रॅक्टरवर असतो. ट्रॅक्टर आपला आपण चालतो, मी नुसता बसतो. या कॅप्टनचंही तसंच आहे. तरी ती हात ठेवते. मीही ठेवतो. का ते मला सांगता येत नव्हतं, पण या पुस्तकात ते आलंय. माझा कुत्रा स्टम्पी याला साक्षी आहे. चिलखताचा रंग माझ्या लक्षात राहिला नाही. पुस्तक मुलीचं आहे. तिने मध्येच सोडलंय, बहुधा कंटाळली. तिला पुरं करायला सांगणार आहे. चार तारे. लिंडसे नोस्के, कीम्बा."

मार्लीन तेव्हा पहिलीच्या पोरांना रांगेत लावत होती. तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय झालं असतं? तीही कीम्बाचीच.

दोन दिवसांनी मार्लीनने त्याला दुकानासमोर गाठलं.

"लिन, तू काय लिहून ठेवलंयस तिथं?"

"मत. का?"

"माणूस आहेस की कोण? चल आत, बघ."

मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड बसला होता. शून्यसम्राटाने लिहिलं होतं की त्याने दोन वर्षं या पुस्तकाची वाट पाहिली आणि ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्या ओळीत त्याचा मुडदा पाडला. कर्नल लोणचं म्हणत होता, याच्या ट्रॅक्टरचा उपग्रह कोसळो. रक्तमांजरीने नुसती रडकी तोंडं काढली होती, ओळीच्या ओळी. निळ्या चिलखताचा आणि करड्या चिलखताचा पक्ष, एकमेकांच्या जिवावर उठलेले, लिंडसेविरुद्ध एक झाले होते.

"पण मी तर त्यांच्याच भल्यासाठी आधी सांगितलं," लिंडसे म्हणाला. तो खरोखर दुखावला होता. "उद्या कोणी चारचौघांत विचारायचा, कॅप्टन कशी आहे म्हणून."

मार्लीनने कपाळावर हात मारला. "अरे, गोष्टीतलं मरण आधी सांगायचं नसतं! तीच तर गंमत असते त्यांची."

"मरणात कसली गंमत?"

"लिन, एका वाक्यात तू जेवढी माणसं दुखावलीस ना, तेवढी आपल्या गावात राहतही नाहीत."

मग तिने त्याला एक युक्ती दाखवली. जे सांगायचं नाही त्यावर काळी पट्टी ओढता येते, ज्याला हवं त्याने बोट लावून वाचावं. लिंडसेला कुठलं वाक्य कोणाला लागेल याचा भरवसाच उरला नव्हता. त्याने स्टम्पीसकट सगळ्यावर काळी पट्टी ओढली. फक्त चार तारे आणि "लिंडसे नोस्के, कीम्बा" एवढं उघडं राहिलं, थडग्यावरच्या दगडासारखं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

"हे एक वाचलंस का?" मार्लीनने खाली बोट दाखवलं. शिव्यांच्या ढिगाऱ्यात फिनलंडच्या कोणा क्रेनवालीने लिहिलं होतं: "माझीही क्रेन आता आपली आपण चालते. मीही हात ठेवते. मला वाटायचं मी एकटीच." लिंडसेने ते वाचलं, परत वाचलं, आणि टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भर आठवड्यात, टीगनचा फोन आला.

त्या शेताची एक खोड आहे. वरच्या टेकाडावर फोन लागतो. तास उतरून खालच्या अंगाला गेलं की फोन मेला. परत टेकाडावर यायला बराच वेळ जातो.

"बाबा, दुसऱ्या ओळीत? दुसऱ्या?"

"तुला कसं कळलं?"

"इथं भोजनगृहात सगळे वाचून हसतायत! एकाने काळी पट्टी उघडून फोन माझ्या नाकासमोर धरला. मी नको नको म्हणेपर्यंत डोळ्यांनी वाचलंसुद्धा."

"मी आहे हे कशावरून कळलं?"

"खाली नाव लिहिलंयस, बाबा! गावासकट! जगात कोणी असं लिहितं? आणि कंटाळली? मी कंटाळले? मी शेवट राखून ठेवला होता! दुसरा भाग येईपर्यंत पुरवणार होते. मुद्दाम तिथं ठेवून आले, जवळ असलं तर राहवणार नाही म्हणून, आणि तू..."

फोन तुटला. ट्रॅक्टर उतरणीला लागला होता.

लिंडसेने स्टम्पीकडे पाहिलं. आता त्याला क्वांडाँगच्या पायचा तो घास आठवला, बशी आठवली, मुंग्याही आठवल्या. विषय शोधायला गेलो आणि लेकीच्या तोंडचा घास खाऊन बसलो, असं त्याच्या मनात आलं. ती परत फोन करणार नाही, हेही आलं. खालचा धुरा आला, पीप पीप झालं, त्याने वळवलं. टेकाडावर पोचता पोचता फोन वाजला.

"आणि दुसरी गोष्ट!" टीगनने मधला सगळा वेळ दारूगोळा भरण्यात घालवला होता. "ती मरते ते मरते, पण का मरते? मला आता सगळं कळलंय, तर पुरतं सांग."

"ती यंत्र बंद करते. यान स्वतःच्या हाताने उतरवते. बाकीचे वाचतात."

"मूर्खपणा! यंत्र चालू ठेवलं असतं तर तीही जगली असती. खेळात तसं करता येतं."

"खेळात शेवट बदलता येतो?"

"मग! तिथं आपल्या हातात असतो. मी कितीदा तरी वाचवलंय तिला."

"आणि मग काय होतं?"

"मग काय... यान पुढे जात राहतं."

"कुठं?"

"कुठं नाही. जात राहतं नुसतं. थांबव ना तो ट्रॅक्टर, बाबा, परत तुटेल!"

"पेरणी चालू आहे गं."

"हो, हो, माहितीये. जा, खाली जाऊन ये. मी इथंच..."

तुटला. 'मी इथंच' हे दोन शब्द घेऊन लिंडसे खालपर्यंत गेला. धुऱ्यावर यंत्र पीप पीप करत राहिलं आणि वळवायला त्याला जरा उशीरच झाला. तिथली एक ओळ अजून वाकडी आहे, क्रेग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. खालून वर येताना लिंडसे पाठ केल्यासारखा ओठ हलवत होता. 'घरी ये' हे जे वाक्य त्याला इतक्या वर्षांत बोलता आलं नव्हतं ते साधं म्हणून निघणार नाही, हे त्याला कळत होतं. पण आता भांडण होतं. भांडणात माणूस काहीही बोलू शकतो.

फोन वाजला.

"मला नाही पटत," लिंडसे तिच्याआधी म्हणाला. "तिने केलं तेच बरोबर. तू तिला वाचवलंस म्हणतेस, मी काही बघितलं नाही. दाखवल्याशिवाय मी मानायचा नाही."

"असं? असं का?" टीगनचा आवाज चढला. "मग दाखवतेच! शनिवारपासून सुट्टी आहे माझी. येते खेळ घेऊन. बस माझ्यासमोर आणि बघ."

"ये की. भितो काय?"

"आणि तोपर्यंत कुठल्याही पुस्तकावर एक अक्षर लिहायचं नाहीस, कळलं?"

"स्टम्पीला वाचून दाखवलं तर चालेल?"

पलीकडे ती हसली असावी. नक्की सांगता येत नाही, ट्रॅक्टर उतरणीला लागला होता.

ती शनिवारी आली. गाडीची अर्धी डिकी खेळाच्या वायरी आणि अर्धी डिकी मळके कपडे. लिंडसेने मार्लीनकडून क्वांडाँगचा पाय मागवून ठेवला होता. मार्लीनने देताना बजावलं होतं, "यात काय आहे ते तिला आधी सांगू नकोस, बाबा रे." संध्याकाळी टीगनने त्याला खेळात बसवलं आणि त्याने यान पहिल्याच वळणावर एका चंद्रावर आपटलं. "इथं पीप पीप होत नाही का?" असं तो विचारत राहिला.

रविवारी पेरणीला सुट्टी नसते. टीगन पुस्तक घेऊन ट्रॅक्टरवर चढली. शेजारचं आसन स्टम्पीचं, त्याने ते बऱ्याच कुरबुरीनंतर सोडलं आणि तिच्या पायांवर बसला.

"उरलेलं वाचून टाकते आज," ती म्हणाली. "आणि मी वाचत असताना तू गप्प बसायचं. चकार शब्द नाही. चेहराही करायचा नाही."

आली का पंचाईत! आयुष्यात पहिल्यांदा लिंडसे नोस्केकडे एका विषयावर बोलायला भरपूर होतं, आणि तोंडाला कुलूप. ट्रॅक्टर आपला चालत होता. टीगनने चिप्सच्या पाकिटाची पट्टी काढून दातात धरली आणि पान उलटलं. मध्ये एकदा मान वर केली.

"हात काढ ना तो. आपोआप जातोय."

"माहितीये."

ती त्या हाताकडे बघत राहिली, मग परत पुस्तकात शिरली. पेरणीची आणखी एक ओळ झाली. पान न उलटता, वर न बघता ती म्हणाली, "पर्थवाल्यांना मी अजून काही कळवलं नाही."

लिंडसेच्या ओठावर 'बरं' आलंच होतं. त्याने ते गिळलं. "कळवू नकोस एवढ्यात," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं. बोलायचं नाही असं ठरलेलं असूनही तिने त्याला टोकलं नाही.

खालच्या धुऱ्यावर वळून ट्रॅक्टर परत टेकाडाला लागला. फोन कोणाचाच वाजला नाही. शेवटची पानं तिने फार सावकाश वाचली, घास बशीत राखल्यासारखी. टेकाडावर पोचले तेव्हा तिने पुस्तक मिटलं, बाहीने नाक पुसलं, पट्टी चुरगळून स्टम्पीच्या पाठीवर टाकली आणि पाय वर घेऊन बापाकडे तोंड करून बसली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."